तुम्ही विचारलंत म्हणून : ‘मग खाता तरी काय?’

गणवेशाचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा हल्ली आधी माझ्या डब्यात डोकावतं. किडनी निम्म्याहून जास्त गेलीय, रक्तात पोटॅशियम साचू नये म्हणून सांभाळावं लागतं, ही बातमी गल्लीभर झालेली. मग प्रश्न ठरलेला : "केळं नाही, शहाळं नाही, पालक नाही. मग खाता तरी काय?" एरवी "भाकरी" एवढंच म्हणून मी कात्री हातात घेतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

आधी माझी चूक, कारण सोलापुरात ती कुणाच्याही हातून होईल. मे महिना, पारा ४४ च्या घरात. बीपीमुळे मीठ कमी करायला सांगितलेलं. पुतण्याने ‘लो सोडियम’ मीठ आणलं. साध्या मिठापेक्षा महाग, म्हणजे चांगलंच असणार! शिवाय ऊन बाधू नये म्हणून रोज एक शहाळं. घरात सगळे खूश. पंधरा-वीस दिवसांनी जिना चढताना मांड्या इतक्या जड लागायला लागल्या, की कुणी ओल्या चादरी गुंडाळल्यात असं वाटावं. ऊन लागलं असेल म्हणून खिशात कांदा ठेवून फिरलो.

नेहमीच्या रक्ततपासणीत पोटॅशियम आलं ६.४. असायला हवं साधारण ३.५ ते ५. लॅबवाल्याने स्वतः फोन केला तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. रक्त काढताना पेशी फुटल्या तर आकडा उगीच वाढलेला दिसतो, म्हणून डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला. ईसीजीतही बदल दिसले. मग सरळ ॲडमिट. हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन, नंतर ग्लुकोजबरोबर इन्शुलिन. मला शुगर नाही, मग इन्शुलिन कशाला म्हणून मी नर्सशी हुज्जत घातली. तिने सांगितलं, ते पोटॅशियमला रक्तातून पेशीत ढकलतं, तेवढा वेळ मिळतो. शरीराबाहेर काढायला वेगळी पावडर दिली, पाण्यात कालवून. चव खडूसारखी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "मीठ कुठलं वापरता?" बायकोने पुडा आणून दाखवला. मागे बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड. सोडियम काढून घेतलं तर त्या जागी दुसरं खारट काहीतरी घालावं लागणारच की! धडधाकट माणसाची किडनी ते लघवीवाटे काढून टाकते. माझी टाकत नाही. त्यात माझी बीपीची गोळी, टेल्मिसार्टन, तीही पोटॅशियम थोडं धरून ठेवते. ती डॉक्टरांनी नंतर पुन्हा सुरू केली, कारण किडनीला तिचा फायदा आहे. पुडा मात्र कायमचा गेला, आणि शहाळंही. एका मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, मोठा पेलाभर शहाळ्याचं पाणी त्याच्या बरोबरीचं, कधी वरचढ. पण ‘पाणीच तर आहे’ म्हणून त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. आजाऱ्याला भेटायला येणारा नेमकं तेच हातात घेऊन येतो.

घरी आल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी ‘लीचिंग’ समजावलं. भाजी सोलायची, बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. पोटॅशियम पाण्यात उतरतं, बटाट्यातलं निम्म्याच्या आसपास जातं. बायकोने सगळं वहीत लिहून घेतलं. आई कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "येळून घ्यायचं म्हण की. त्याला एवढं विंग्रजी कशाला?"

मला एकदम लख्ख कळलं. पुरणाची डाळ शिजवून आपण येळतो, ते वरचं पाणी म्हणजे येळवणी, आणि त्याचीच कटाची आमटी. डाळीतलं पोटॅशियम बरंचसं त्या कटात. म्हणजे लहानपणापासून सणाला जे भुरके मारत आलो, तेच माझ्यासाठी सगळ्यात वाईट.

अवघड आहे ते इथंच. आपल्या स्वयंपाकघरात पाणी फेकणं हा गुन्हा. "सत्त्व जातं" हे ऐकत मोठे झालेले आपण. सुरुवातीला बायको नुसतं गार पाण्यात रात्रभर बटाटे भिजवायची, उकळायची नाही. त्याने फारसं काही जात नाही, हे नंतर कळलं. डाळ कुकरला लावली तरी सगळं आतल्या आतच राहतं. आता माझी डाळ वेगळ्या पातेल्यात, उघडी, भरपूर पाण्यात. शिजली की येळायची आणि मगच फोडणी. रश्शाची भाजी असेल तर मी फोडी खातो, रस्सा सोडतो. पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वंही जातात, त्याची गोळी डॉक्टरांनी दिलीय.

तर खातो काय? ज्वारीची भाकरी, मोजून. दोडका, दुधी, कोबी, काकडी. सफरचंद, नासपती, अननसाची फोड. शेंगाचटणी सोडली नाही, सोलापुरात राहून ते जमणार नाही. पण पूर्वी वाटीत तेल ओतून कालवायचो, आता एक सपाट चमचा, तो बायको स्वतः वाढते. सांगोल्याहून मेव्हणा डाळिंबाची पेटी पाठवतो. त्यातले मूठभर दाणे खातो, ज्यूस नाही. पेलाभर रसाला दोन-तीन फळं पिळावी लागतात, ती एका बसणीत कोण खातं? चहात गुळाऐवजी साखर, कारण गुळातही पोटॅशियम असतं. गूळ आरोग्याला चांगला म्हणून सांगणारे भेटतात, त्यांना मी हात जोडतो.

आणखी एक, जे चारचौघांत कुणी बोलत नाही : पोट साफ हवं. किडनी थकली की थोडं जास्त पोटॅशियम आतड्यावाटे जातं. बद्धकोष्ठ झालं की तीही वाट बंद.

हे सगळं माझं झालं. माझी यादी तुमच्या फ्रिजवर चिकटवू नका. आमच्या गल्लीतल्या एका ताई घरीच पोटाचं डायलिसिस करतात. त्यांचं पोटॅशियम उलट कमी पडतं आणि डॉक्टर त्यांना केळं खायला सांगतात! त्या मला दाखवून खातात, हा भाग वेगळा. ज्याचा आकडा ठीक आहे, त्याने उगीच भाज्या-फळं सोडण्यात अर्थ नाही. रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील तसं.

यंदा होळीला आईने डाळ येळली. माझ्यासाठी साखरेचं पुरण, बाकीच्यांना गुळाचं. येळवणीला खोबरं-मसाल्याची फोडणी पडली आणि वास थेट माडीवर आला. पानावर बसलो तर पातेलं माझ्यासमोरून उचलून तिने पलीकडे ठेवलं.

"आता किती आलंय तुझं ते?"

"४.८."

तिने थोडा विचार केला. मग पळीचं टोक वाटीत टेकवून दोन थेंब माझ्या पोळीवर पाडले आणि म्हणाली, "सुनेला सांगू नको."