एकच मीटर बसवायचा तर कुठला?

माझ्या पिकअपमध्ये पहिल्यांदा बसणारा माणूस डॅशबोर्डवर जादा बसवलेले चार गोल मीटर बघतो आणि विचारतो, "एवढे मीटर कशाला?" मग कोल्हापूरबाहेरचा बालिंग्याचा पूल ओलांडेपर्यंत दुसरा प्रश्न येतोच: "आणि मला एकच बसवायचा असला तर कुठला बसवू?" मार्केट यार्डातले गाडीवाले, भाच्याचे मित्र, गुळाचे व्यापारी, सगळ्यांना तोंडी सांगून झालंय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

इंजिनच्या टेम्परेचरचा काटा बऱ्याच गाड्यांत कंपनीचाच असतो. माझ्याही होता, आणि माझा त्याच्यावर पूर्ण भरवसा होता. एका मे महिन्यात देवगडहून आंब्याच्या पेट्या भरून करूळ घाट चढत होतो. दुपारची वेळ, गाडी भरून, घाटातलं ऊन तुम्हाला माहीतच आहे. काटा नेहमी अर्ध्यावर असायचा तो थोडा वर सरकला होता. गगनबावडा चार-पाच किलोमीटर राहिलं असताना तो खाली यायला लागला. मला बरं वाटलं. वर गार वारा लागला असेल म्हणून मी तसाच रेटत राहिलो. दोन वळणांनंतर गाडीचा दम गेला, बॉनेटमधून करपल्यासारखा वास आला आणि गाडी जागीच बंद पडली. रेडिएटरचा खालचा होज पाइप फाटून सगळं कुलंट मागे रस्त्यावर सांडलं होतं.

पेट्या रात्री दुसऱ्या गाडीत भरून पाठवल्या. माझी गाडी टो करून कोल्हापूरला उद्यमनगरात आणली. हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, वाकलेलं, त्याखालचं गॅस्केट उडालेलं. हेड फेसिंगला दिलं तेव्हा मी मेस्त्रींना म्हणालो, काटा खाली दाखवत होता हो, मी बघत होतो. ते म्हणाले, "काट्याचा काय दोष? त्याचा सेन्सर पाण्यात बुडवलेला असतोय. पाणीच गेल्यावर त्यो कशाचं तापमान सांगणार?"

कुलंट गेल्यावर सेन्सरभोवती नुसती हवा आणि वाफ उरते. आजूबाजूचं लोखंड भाजत असतं, पण हवेतून सेन्सरपर्यंत ती उष्णता पाण्याइतकी पोचत नाही, म्हणून काटा उतरतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत कंपनीचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. इंजिन ८० अंशांवर असो की १००वर, तो मधेच उभा. ड्रायव्हरनं उगाच घाबरू नये म्हणून ते केलेलं असतं.

तेव्हापासून कुणी मीटर दाखवला की मी आधी विचारतो, ह्याचा सेन्सर कुठं बसतोय? डायल केवढी, लाइट निळा की लाल, हे नंतर.

तर एकच बसवायचा असेल तर इंजिनच्या हेडचं, म्हणजे धातूचंच, तापमान सांगणारा आणि बझर असलेला मीटर बसवा. त्याचा सेन्सर बॅटरीच्या वायरीला असतो तसल्या गोल लगमध्ये असतो आणि हेडवरच्या एखाद्या बोल्टखाली कसला जातो. पाणी राहो न राहो, धातू तापला की तो सांगणारच. बोल्ट निवडताना मात्र हेड ज्या बोल्टांनी ब्लॉकवर आवळलेलं असतं त्यांना हात लावू द्यायचा नाही. त्यांचा टॉर्क ठरलेला असतो, एक जरी ढिला केला तरी गॅस्केटचं काम निघतं. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे कुलंट सोडणाऱ्या झडपेच्या, घराजवळ, एक्झॉस्टपासून लांब, एखादा ब्रॅकेटचा बोल्ट मिळतो, तो घ्यावा. मग आठ-दहा दिवस नुसतं बघायचं. माझ्या गाडीत सपाट रस्त्याला ९०च्या आसपास, भरल्या गाडीनं घाटात १०० दाखवतं. बझर मी ११०ला लावलाय. १०० दिसलं की पाणी उकळलं असं धरू नका. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं कुलंट १००ला उकळत नाही. झाकणाचं रबर मेलं असेल तर मात्र उकळेल. ते झाकण आधी बदला, मीटर नंतर घ्या.

दुसरा नंबर एक्झॉस्टच्या तापमानाचा. गावातल्या गावात दूध नाहीतर भाजी टाकणाऱ्याला त्याची गरज नाही. घाटात भरलेली गाडी चढवणाऱ्यानं, आणि जादा डिझेल जावं म्हणून पंप वाढवून घेतलेल्यानं तर नक्कीच, बसवावा. डिझेलला हवा पुरली नाही आणि इंधन मात्र जादा गेलं की काळा धूर येतो आणि एक्झॉस्ट भट्टीसारखा तापतो. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन स्वतः गॅसइतका तापत नाही, आत येणारी हवा आणि ऑइल त्याला गार करत राहतं. तरी ७००च्या वर बराच वेळ काटा राहू द्यायचा नाही हा नियम मी पाळतो. पूर्वी मी करूळला तिसऱ्या गिअरवर पाय दाबून रेटायचो. मीटर बसल्यावर दिसलं की तसं केल्यावर काटा भराभर ७००कडे जातोय, आणि दुसरा टाकून पाय हलका केला, आरपीएम वाढू दिले, की इंजिनला हवा मिळते आणि तो ६००च्या खाली येतो. इतकी वर्षं गाडी चालवून मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

ह्या कामाला कोल्हापूरसारखं गाव नाही. शिरोली, गोकुळ शिरगावला फौंड्री आणि हीट ट्रीटमेंटची कामं चालतात, तिथल्या भट्टीत लागणारा के टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमानाचा सेन्सर, आणि एक्झॉस्टमधला थर्मोकपल एकाच जातीचे. दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात. टोक तापलं की दुसरीकडे अगदी बारीक व्होल्टेज मिळतं, ७०० अंशांना जेमतेम २९ मिलिव्होल्ट. म्हणूनच ती वायर कमी पडली तर साधी तांब्याची जोडून चालत नाही. माझ्या वायरमननं पहिल्यांदा दोन फूट साधी वायर जोडली होती. बॉनेटखाली तो जोड जितका तापायचा तितकं मीटर कमी दाखवायचा. के टाइपचीच वायर आणून पुन्हा केलं, तेव्हा बरोबर आलं.

सेन्सर टर्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा रेटणाऱ्या चाकाच्या, आधी, मॅनिफोल्डमध्येच (इंजिनमधून धूर गोळा करणाऱ्या पाइपात) घ्या. टर्बोच्या पुढं घेतला तर भारावर शंभर अंश किंवा त्याहून जास्त कमी दिसतं, आणि जे जपायचं ते पिस्टन तर अलीकडे असतात. भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवायलाच लावा. "ग्रीस लावून हळू मारतो, कीस आत जात नाही" असं सांगणारे भेटतील. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, तिथं लोखंडाचा एक कण मी जाऊ देणार नाही. एका दिवसाची मजुरी वाढते, वाढू दे.

बूस्टचा, म्हणजे टर्बोनं रेटलेल्या हवेच्या दाबाचा, मीटर आवडीनं घेतात, पण माझ्या लेखी तो गळती शोधायला आहे. माझी गाडी चढाला १.१ बार दाखवायची, एके दिवशी ०.७वर थांबली. इंटरकूलरच्या (ती हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपची क्लिप ढिली निघाली. ० ते २ बारची डायल घ्या. पेट्रोल गाड्यांच्या मीटरमध्ये अर्धी डायल व्हॅक्यूमला जाते, ती आपल्या डिझेलच्या कामाची नाही.

ऑइल प्रेशरचा मीटर हवाच, कारण कंपनीचा लाल दिवा दाब जवळजवळ संपल्यावर, अर्ध्या बारच्या खाली गेल्यावर लागतो. नळीतून ऑइल थेट केबिनमध्ये आणणारा मीटर घेऊ नका. नळी फुटली तर उकळतं ऑइल पायावर येतं. इलेक्ट्रिक घ्या, आणि टी जोडून कंपनीचा दिवाही चालू ठेवा. इथं आटे बघा. आट्यांची दोन मापं चालतात, अमेरिकन एनपीटी आणि ब्रिटिश बीएसपी. एक अष्टमांश इंचाचे एनपीटी आटे इंचाला २७, बीएसपीचे २८. हाताला दोन्ही सारखे लागतात, पहिले दोन फेरे जातात आणि मग अडकतं. पान्यानं जोर केला तर ब्लॉकमधले आटे जातात. उद्यमनगरात पाच मिनिटांत ॲडॉप्टर करून देणारे टर्नर आहेत, त्यांच्याकडे जा. सेन्सरची अर्थिंग बॉडीतून असेल तर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नका. आणि मीटर-सेन्सर एकाच सेटमधले घ्या. काही सेन्सर १० ते १८० ओहमचे, काही २४० ते ३३चे. अदलाबदल झाली तर काटा उलटा चालतो.

वायरिंगचं थोडक्यात: करंट चावी फिरवल्यावर येणाऱ्या लाइनमधून, स्वतःचा छोटा फ्यूज टाकून. केबिनच्या पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट. जोड पिळून टेप मारलेले नकोत, क्रिंप करून स्लीव्ह चढवा, गगनबावड्याचा पाऊस टेपला जुमानत नाही.

२०२०च्या एप्रिलनंतरची बीएस-६ गाडी असेल तर मॅनिफोल्डला भोक पाडूच नका. तिच्या एक्झॉस्टमध्ये तापमानाचे सेन्सर कंपनीनंच दिलेले असतात, ओबीडीच्या (मेकॅनिक स्कॅनर लावतात त्या) सॉकेटला लावायचा डिस्प्ले घेऊन ते आकडे वाचता येतात का बघा. काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा सपाट रस्त्यालाही आकडा ६००च्या घरात जातो, तो बिघाड नव्हे.

आता घाट चढून वर आलो की गगनबावड्याच्या स्टँडजवळ गाडी लावतो, पण इंजिन लगेच बंद करत नाही. टर्बोच्या बेअरिंगला इंजिनचंच ऑइल जातं. तापलेलं असताना गाडी बंद केली तर ते ऑइल तिथंच जळून चिकटतं. भाचा हल्ली सोबत असतो, चहाची घाई त्यालाच जास्त.

"मामा, बंद करू?"

"एक्झॉस्टचं किती दाखवतंय?"

"दोनशे चाळीस."

"दोनशेच्या खाली येऊ दे. तोवर तू जाऊन चहा सांग जा."