हॉलमधलं ट्रेनिंग प्रेसजवळ आणलं, त्याची गोष्ट

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मी ट्रेनिंगचं काम बघते. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनतात आमच्याकडे. मी रुजू झाले तेव्हा ट्रेनिंग म्हणजे कॅन्टीनवरच्या हॉलमध्ये पीपीटी. पहिल्या पाळीच्या लोकांना घरी जायची घाई, दुसऱ्या पाळीचे नुकतेच जेवून आलेले. हजेरीपत्रकावर सह्या, चहा-सामोसा, फीडबॅक फॉर्म. फॉर्मवर सरसकट ‘उत्तम’.

अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग जोखायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, कळलं का, कामात उतरलं का आणि त्यातून कामाच्या निकालात काय फरक पडला. आमचा फॉर्म पहिल्याच पायरीवर बसकण मारून बसला होता.

सुरुवात लॉकआउटपासून, म्हणजे हात घालण्याआधी मशीन बंद करून ते चुकून सुरू होऊ नये म्हणून कुलूप लावण्यापासून करायची ठरवली, कारण तिथे चुकलं तर बोटं जातात. स्लाईड सगळ्यांना पाठ होती. मेन स्विच बंद, कुलूप, टॅग, किल्ली आपल्याच खिशात. पण डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलताना शेजारी उभी राहून पाहिलं, तर कुलूप लागलं रे लागलं की हात थेट डायकडे. मेकॅनिकल प्रेसची मोटर बंद केली तरी तिचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, बराच वेळ गरगरत असतं. तेवढ्यात क्लच लागून चाकाचा जोर प्रेसला मिळाला, तर रॅम, म्हणजे पत्रा दाबणारा वरचा भाग, खाली येऊ शकतो. स्लाईडवर याबद्दल ‘साठलेली ऊर्जा शून्य करा’ एवढंच होतं. वाक्यात चूक काहीच नाही, पण ते वाचून फ्लायव्हील कुणाच्या डोळ्यांसमोर येणार?

आमचे जुने डाय सेटर, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते मला म्हणाले, “मॅडम, पोरांना एनर्जी-बिनर्जी नका सांगू. चाक थांबलेलं बघायला लावा, मग रॅमखाली ठोकळा ठेवायला लावा.”

मग शिकवायचं मामांनीच, असं ठरलं. प्रॉडक्शन मॅनेजर आधी कबूल होईनात; लाईन थांबवून ट्रेनिंग कोण देणार? पण डाय बदलताना प्रेस तशीही थांबलेलीच असते. ट्रेनिंग त्याच वेळेला जोडलं आणि वाद मिटला. एका वेळी दोनच जण.

खरी अडचण मामांचीच होती. हात इतका बसलेला की सांगायच्या आत काम उरकलेलं! शिकणारा जरा अडखळला की त्याच्या हातातला पाना काढून घेणार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवख्या कामगारांना भराभर तयार करण्यासाठी टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाची पद्धत निघाली, पुढे ती जपानी कारखान्यांत रुजली. तिच्यातल्या दोन गोष्टी आम्ही उचलल्या. एक, कामाचे टप्पे पाडून प्रत्येकापुढे ‘कुठे लक्ष द्यायचं’ आणि ‘का’ हे एका कार्डावर लिहायचं. दोन, शिकणाऱ्याने काम स्वतः करायचं आणि करता करता तोंडाने सांगायचं. त्या वेळी मामांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. हा नियम त्यांना फार जड गेला, अजूनही जातो. कार्ड मराठीत आणि हिंदीत केलं, फोटो आमच्याच प्रेसचे घातले.

एकदा दाखवून भागत नाही, हे स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलंय. विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जोरात होतं. म्हणून पुढच्या डाय बदलाच्या वेळी त्याच माणसाला पुन्हा उभं करतो.

सगळ्यात जास्त धुसफूस झाली स्किल मॅट्रिक्सवरून, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं त्या तक्त्यावरून. शॉपच्या भिंतीवर प्रत्येकाच्या नावापुढे चार भागांचं वर्तुळ असतं. शिकतोय, नजरेखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. पूर्वी हजेरीपत्रक बघून ही वर्तुळं भरली जात. आता सुपरवायझर प्रत्यक्ष काम बघतो, तेव्हाच भाग काळा होतो. बऱ्याच जणांची वर्तुळं चारचौघांत खाली आली. “इतकी वर्षं काय झक मारली का आम्ही?” असंही ऐकून घेतलं. मी बदल मागे घेतला नाही, मात्र ज्याला वाटेल त्याला लगेच काम करून दाखवायची सोय ठेवली. रागावलेल्यांपैकी बरेचसे त्याच आठवड्यात दाखवून गेले.

आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ७.२ कलमात ट्रेनिंगची परिणामकारकता तपासा असं म्हटलेलं आहे. ऑडिटर आले तेव्हा मी फाईल काढायच्या आतच त्यांनी एका ऑपरेटरला विचारलं, “कुलूप लावलं, आता पुढे?” तो म्हणाला, “चाक थांबू द्या साहेब.”

हॉल अजून वापरतो, पीएफ आणि ईएसआयसीची माहिती द्यायला बरा पडतो. कंत्राटी मुलांचं मात्र जमलेलं नाही. कार्ड पक्कं व्हायच्या आत मुलगा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. सध्या तरी वर्तुळ अर्धं भरेपर्यंत त्यांना डाय बदलाच्या कामावर घेत नाही, आणि त्यावरून कंत्राटदाराचा दर सोमवारी फोन येतो.