अ‍ॅक्वापोनिक्स करणाऱ्यांना मराठीत काय हवे आहे

आज एका शेतकरी मित्राच्या परसातील अ‍ॅक्वापोनिक्स पाहून आलो. यात माशांच्या टाकीतले पाणी भाजीच्या वाफ्यात फिरवतात आणि माशांच्या विष्ठेतून भाजीला मातीविना पोषण मिळते. टाकीत तिलापिया मासे आणि शेजारी खडीच्या वाफ्यात पालक होता. पण पालकाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या होत्या, म्हणजे लोहाची कमतरता होती. साहित्य विकणाऱ्याच्या सांगण्यावरून मित्र मात्र माशांचे खाद्यच वाढवत होता. बोअरच्या जड पाण्याचा सामू (pH) ८ च्या आसपास गेला, की पाण्यातले लोह मुळांना मिळेनासे होते आणि माशांपासून येणारा अमोनियाही अधिक विषारी ठरतो, हे त्याला कोणीच समजावले नव्हते, याचे फार वाईट वाटले.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान उत्पादकांसाठी सविस्तर इंग्रजी पुस्तिका काढली, ती मोफत मिळते. पण सामू, अमोनिया व नायट्राइट कसे मोजावेत, आकडा बिघडला तर त्याच दिवशी काय करावे आणि नव्या टाकीत अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावेपर्यंत काही आठवडे का थांबावे, हे सांगणारे एक पान मराठीत आधी हवे. ते मी लिहायला घेतले आहे. मत्स्यशास्त्र शिकलेल्यांनी तपासून दिल्यास उपकार होतील.