तुम्ही विचारलंत म्हणून: मिग-21 ला शवपेटी म्हणायचं की नाही

लग्नात, बारशाला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, हवाई दलात इंजिन फिटर होतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "काका, मिग-21 म्हणजे उडती शवपेटीच ना?" सप्टेंबर 2025 मध्ये चंदीगडला या लढाऊ विमानाचं शेवटचं उड्डाण झालं तेव्हापासून तर फोनवरही तेच. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असतं, मान डोलावलेली हवी असते. मी ती डोलावत नाही, मग वातावरण बिघडतं. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी आकडे. 2012 साली संरक्षणमंत्री अँटनींनी राज्यसभेत सांगितलं की 872 पैकी 482 मिग अपघातात गेली, 171 वैमानिक आणि 39 नागरिक मेले. हा आकडा मिग जातीच्या सगळ्या विमानांचा आहे, एकट्या 21 चा नाही, पण सांगताना तो 21 च्याच नावावर खपवतात. तरी त्यातला मोठा वाटा 21 चाच, हे मी नाकारत नाही.

लढाईतलं तुम्हाला माहीतच आहे. 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं टाकली ती याच विमानांनी, आणि पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नर मलिकने त्याच दिवशी राजीनामा लिहिला. त्याच्या दोन दिवस आधी जामनगरच्या बाजूला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट सोनींनी पाकिस्तानचं स्टारफायटर विमान पाडलं, तेही तोफेने. टाइप 77 ला, म्हणजे मिग-21 च्या तेव्हाच्या रूपाला, मुळात आत तोफच नव्हती, पोटाखाली गन पॉड लटकवून काम भागवलं होतं. ज्याला आज शवपेटी म्हणता ते तेव्हा जगातल्या उत्तम लढाऊ विमानांतलं एक होतं. आणि आपल्याकडची सुमारे सहाशे एचएएलने, म्हणजे सरकारी विमान कंपनी हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवली, आमच्या नाशिकजवळच्या ओझरला. तिथे काम केलेल्या माणसांसमोर तो शब्द वापरून बघा एकदा.

पूर्वी मी इथेच थांबायचो. फार तर एवढं जोडायचो: जास्त उडालं म्हणून जास्त पडलं. दुसरं कुठलं विमान इतकी वर्षं, इतक्या संख्येने, इतक्या वेगवेगळ्या कामांना वापरलं? आणि पोरांना शिकवलं कशावर? किरणसारखं शांत शिकाऊ जेट, मग आसामात तेजपूरला साठच्या दशकातल्या बनावटीचं टाइप 77, जे ताशी तीनशे किलोमीटरच्या वरच्या वेगाने धावपट्टीवर टेकवावं लागतं आणि इंजिनाचा जोर जरा कमी केला की दगडासारखं खाली येतं. मधली पायरीच नव्हती. विमान अपघातांवरच्या ला फाँटेन समितीने 1982 मध्ये प्रगत प्रशिक्षण विमान हवं म्हणून सांगितलं, तसं विमान, हॉक, सेवेत आलं 2008 मध्ये. सव्वीस वर्षं. हे मी तावातावाने सांगायचो, आणि अजूनही त्यातला एक शब्द खोटा नाही.

पण हे सगळं ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं, त्याला मी सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, पश्चिमेकडचा एक तळ, विमान मिग-21 बिस, म्हणजे 21 चंच नंतरचं रूप. सकाळची सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी. नेहमीसारखं सगळं. फॉर्म 700, म्हणजे विमान उडायला ठीक असल्याची नोंदवही, त्यावर प्रत्येक ट्रेडचा, म्हणजे कामाच्या शाखेचा, रकाना असतो. इंजिनच्या रकान्यात माझी सही, एअरफ्रेमवाल्याची त्याच्या, शेवटी वैमानिकाची. ही शेवटची सही म्हणजे जहाज (विमानाला आम्ही जहाजच म्हणायचो) आता त्याच्या ताब्यात. वैमानिक नवा होता, सगळ्यांना "कैसे हो" विचारायचा. शिडी चढला, इजेक्शन सीटच्या सुरक्षा पिना काढून त्याला मोजून दाखवल्या, त्याने अंगठा वर केला. जहाज गेलं.

ते परत यायच्या वेळेला क्रॅश सायरन झाला.

लोकांना वाटतं अशा वेळी सगळे धावत सुटतात. आमचं पहिलं काम वेगळं. ऑफिसर आला आणि 700 उचलून सील करून घेऊन गेला. मग हत्यारांची मोजणी. लाकडी फळ्यावर प्रत्येक पान्याच्या, स्क्रूड्रायव्हरच्या आकाराची रंगवलेली सावली असते, म्हणजे काही कमी असलं तर लगेच दिसावं. वैमानिक सीटसकट विमानातून बाहेर पडला की नाही हे कुणाला माहीत नव्हतं आणि मी फळ्यासमोर उभा राहून पाने मोजत होतो. एकेकावर बोट ठेवून. सगळे जागेवर होते. सार्जंट म्हणाला, "ठीक आहे." मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. माझी नजर सारखी एका रिकाम्या सावलीवर जायची आणि तो पाना माझ्याच हातात असायचा.

तो बाहेर पडला नव्हता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. इंजिनमध्ये पक्षी गेल्याचं कानावर आलं, अखेरचा निष्कर्ष आमच्यापर्यंत कधी आला नाही. धावपट्टीलगत कचरा टाकत, घारी घिरट्या घालत, तेव्हा ते अशक्य नव्हतंच.

काही दिवसांनी त्याचे वडील सामान न्यायला आले. हँगर बघायचाय म्हणाले, ऑफिसर घेऊन आला. बरोबर छोटी पिशवी, पायात धुळीने भरलेले काळे बूट. "कौन देखता था इसका जहाज?" म्हणाले. मी पुढे झालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बेटा, जहाज ठीक था ना?"

मी म्हणालो, "जी सर."

बस. बाकी काही नाही. त्यांनी मान हलवली आणि गेले.

आता तुम्ही म्हणाल, दुसरं काय म्हणणार होतात? बरोबर. 700 प्रमाणे जहाज ठीक होतं. पण ठीक म्हणजे ज्या दिवशी सही केली त्या दिवशीपुरतं ठीक. जे मुळातच चुका माफ करत नाही, एकच इंजिन आहे, ते बंद पडलं की खाली येण्याआधी फार विचार करायला वेळ देत नाही, ते ठीक होतं का? तरुणपणी मी म्हणायचो, हा प्रश्न फिटरचा नव्हे, दिल्लीतल्या फायलींचा आहे. आता तसं म्हणताना जीभ अडखळते. फायली मी लिहीत नव्हतो, पण सही तर माझीच होती.

तरीही शवपेटी हा शब्द मला मान्य नाही. त्यात बसणाऱ्यांनी तो तसा वापरलेला मी ऐकला नाही. ज्यांनी ऐकलाय असं म्हणतात त्यांच्याशी भांडायची माझी तयारी आहे. 1999 च्या कारगिल युद्धात शहीद झालेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा ज्यातून उडाले तेही हेच विमान, आणि सव्वाशे बिसना नवं रडार, नवी क्षेपणास्त्रं देऊन बायसन नावाचं सुधारित रूप दिलं ते काय शवपेट्या घासूनपुसून ठेवायला?

हल्ली एक जोडप्रश्न येतो: "तुमच्या मुलाला बसवलं असतं का त्यात?" त्याला मी "हो" म्हणतो. त्याच वेळी आमची ही स्वयंपाकघरातून "मुळीच नाही" म्हणते. मग पाहुण्यांसमोरच आमचं सुरू होतं, आणि विचारणारा चहा अर्धा टाकून उठतो.