चार सेकंदांची शांतता

काल संध्याकाळी वहिनी भाकऱ्या थापत होती. पिठाच्या डब्याला टेकवून फोन ठेवलेला, त्यावर ऑनलाइन प्रशिक्षणाचा व्हिडिओ चालू. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

एकाएकी पिठाच्या हाताने, करंगळीने तिने व्हिडिओ मागे नेला. मग परत. तिसऱ्यांदा मला राहवलं नाही. "काय बघतेयस एवढं?"

"या बाई प्रश्न विचारून गप्प बसल्यात बघ."

पाहिलं. वर्गात बाई उभ्या. एक, दोन, तीन, चार सेकंद. मागच्या बाकावरच्या मुलीचा हात अर्धा वर गेला, खाली आला आणि मग पूर्ण वर गेला.

वहिनी म्हणाली, "डीएडला वाचलेलं हे. पण थांबलेली बाई आज पहिल्यांदा बघितली."

ते वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात दाखवलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात; तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलू लागतात. पण तो अर्धा वर गेलेला हात कागदावर कसा दिसणार?

आणि तरीही बहुतेक कोर्सेसमध्ये कुणीतरी स्लाइड वाचूनच दाखवत असतं. ते तर आपण स्वतःही वाचू शकतो ना! काम करणारी माणसं दिवसभर दमून, भाकऱ्या थापता थापता शिकतात. त्यांना खरा वर्ग, खरे हात दाखवा.

तुम्ही एखादा व्हिडिओ असा तीनदा मागे नेऊन पाहिलाय का? कशासाठी?