जिभेतलं औषध

संध्याकाळी कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास हातात येईपर्यंत म्हशीच्या तोंडाकडं बघत राहावं. रेडकाला दोन घोट पाजून ते तिच्या पुढ्यात बांधलेलं असतं. ती त्याला चाटत राहते, पान्हा टिकतो, धार चालू राहते. त्या खरखरीत जिभेखाली रेडकाची कातडी मागं-पुढं सरकताना दिसते. मुक्या जनावराच्या जिभेत औषध असतं, हे आजीचं म्हणणं पटायला एवढं दृश्य पुरेसं आहे.

औषध असतंही. मिसळ खाताना घाईत गालाचा आतला भाग चावला, तर तीन-चार दिवसांत जागा सापडत नाही. तेवढीच चीर विळीनं बोटाला पडली, तर खपली आठवडाभर मिरवते. लाळेत जंतूंचं कवच फोडणारं लायसोझाइम असतं, रक्त लवकर गोठवणारे घटक असतात, माणसाच्या लाळेत तर कातडीच्या पेशींना जखमेवर सरकायला लावणारी हिस्टाटिन नावाची प्रथिनंही असतात. उंदराच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीत पेशी वाढवणारा घटक सापडला, आणि अशा वाढघटकांच्या शोधासाठी स्टॅनली कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना 1986 चं नोबेल मिळालं. म्हणजे आजी म्हणायची ते अगदीच थोतांड नव्हे. फक्त हे औषध चोवीस तास ओल्या राहणाऱ्या तोंडासाठी, आणि ज्याचं त्याला.

म्हैस व्याली की तिनं रेडकू चाटलंच पाहिजे. अंग कोरडं होतं, रक्त खेळतं, श्वास मोकळा होतो. पण नाळेचं काम तिच्यावर सोडू नये. पोटापासून दोन-तीन बोटं सोडून स्वच्छ दोऱ्यानं बांधायची, गाठीच्या खाली बोटभर अंतरावर नव्या ब्लेडनं कापायची आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायचं. नाळ ओली राहिली की जंतू आत चढतात, बेंबी सुजते, पुढं सांधेही धरतात.

कुत्र्याचं तर उलटंच. स्वतःची जखम चाटताना पहिल्या चार चाटण्यांत माती निघते, हे खरं. पण त्याला थांबायचं कळत नाही. ऑपरेशननंतर गळ्यात बादलीसारखी कॉलर 10 ते 14 दिवस लागते. तिची कड नाकाच्या पुढं आली पाहिजे आणि गळ्याशी दोन बोटं जातील एवढी ती सैल हवी. घोटाळा बहुधा रात्री होतो. घरातल्या कुणाला तरी दया येते, कॉलर निघते, आणि सकाळी टाके जमिनीवर. काही कुत्री पुढच्या पायावर एकच जागा महिनोन्महिने चाटतात. केस जातात, कातडी जाड होते, मधे लालभडक चट्टा पडतो, आणि मग तो मलमाला दाद देत नाही.

आपल्या खरचटलेल्या गुडघ्याला गल्लीतल्या कुत्र्यानं प्रेमानं जीभ लावली, तर त्याला कौतुकानं चाटू द्यायचं नाही. फुटलेल्या कातडीला लाळ लागणं हे रेबीजच्या हिशेबात तिसऱ्या, म्हणजे सगळ्यांत गंभीर वर्गात मोडतं. दात लागलाच पाहिजे असं नाही. शिवाय लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासूनच विषाणू लाळेत उतरतो, त्यामुळं ‘कुत्रं चांगलं दिसत होतं’ याला अर्थ नाही. वाहत्या नळाखाली साबण लावून 15 मिनिटं, घड्याळ बघून, धुवायचं. या विषाणूला चरबीचं वेष्टण असतं आणि साबण तेच फोडतो. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचं. जखमेवर हळद नाही, चुना नाही, आणि कांदा-लसूण चटणी तर मुळीच नाही, ती तांबड्या रश्श्यात शोभते. लगेच सीपीआर हे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना गाठायचा. दंडाच्या कातडीत द्यायची लस असेल तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, आणि तिसऱ्या वर्गात त्याबरोबर जखमेतच सिरमही, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. दुखणं थांबलं म्हणून तिसरं इंजेक्शन चुकवायचं नाही.

आणि म्हशीबद्दल एक सांगायचं राहिलं. वैरण सोडून म्हैस लाळ गाळत उभी असेल, गिळता येत नसेल, आवाज घोगरा झाला असेल, तर उसाचं वाडं घशात अडकलंय असं वाटून कुणीतरी बाही वर करून हात आत घालतं. पिसाळलेलं जनावरही अगदी असंच दिसतं. डॉक्टर येईपर्यंत हात बाहेरच ठेवावा.