रात्री किती माणसं जागी असतात?

आईसाठी जागा शोधायला निघाले तेव्हा ज्याने त्याने एकच सांगितलं, स्वच्छता बघ आणि जेवण बघ. बघितलं. रत्नागिरी जिल्ह्यात आणि खाली कुडाळपर्यंत जिथलं जिथलं नाव कळलं तिथे जाऊन आले. स्वच्छता सगळीकडे होती, कारण मी आधी फोन करून जात होते. जेवण तर सगळीकडेच 'अगदी घरच्यासारखं'. मला खरं हवं होतं ते एकाच प्रश्नाचं उत्तर: रात्री बारा वाजता इथे किती माणसं जागी असतात? या उत्तरासाठी मला जे झुलवलं गेलं, त्याचा राग अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहितेय.

आई ८१ वर्षांची. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट, मधुमेह जुनाच. नाकातली नळी निघाली, पण स्वतःहून कूस बदलता येत नाही. दादा डोंबिवलीला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. "तू जवळ आहेस, तूच बघ," हे त्याचं योगदान. घरी ठेवलेली बाई गणपतीला गावी गेली ती परत आलीच नाही.

निम्मी यादी फोनवरच गळाली. बहुतेक वृद्धाश्रमांच्या फॉर्मवर पहिलीच अट असते की, व्यक्ती स्वतःची कामं स्वतः करणारी हवी. अंथरुणाला खिळलेलं माणूस तिथे घेत नाहीत. त्यांना दोष नाही, पण हे आधीच विचारा, उगाच गाडीभाडं घालवू नका. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे, तीही निराधारांसाठी. म्हणजे आमच्यासारख्यांना उरतात ती 'केअर सेंटर' म्हणवणारी खासगी किंवा ट्रस्टची ठिकाणं.

यांची तपासणी कोण करतं, हे विचारायला सरकारी कचेरीत गेले. आरोग्याच्या टेबलावर म्हणाले, वृद्धाश्रम म्हणजे समाजकल्याण. समाजकल्याणच्या टेबलावर म्हणाले, पेशंट आहेत म्हणजे आरोग्य. नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९चा आहे आणि त्याच्या व्याख्येत आजारी, जखमी यांच्याबरोबर दुर्बल माणसंही येतात, जिथे त्यांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा दिली जाते ती जागा. हे मी वाचून दाखवलं. "बरोबर आहे मॅडम," असं म्हणून त्यांनी मला पुन्हा पहिल्या टेबलाकडे पाठवलं. तो नाद सोडला. तुम्ही एवढंच करा: जिथे जाल तिथे नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, ते कुठल्या कायद्याखालचं आहे आणि मुदत कधी संपते ते वाचा. नुसतं ट्रस्टचं नोंदणीपत्र फ्रेम करून लावलेलं असतं, त्याचा शुश्रूषेशी काही संबंध नाही.

माझी चुलतबहीण न्यू जर्सीत नर्स आहे. ती म्हणाली, तिकडे सरकार प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देतं, २००८पासून. तपासणीत काय सापडलं, कर्मचारी किती, पेशंटची अवस्था कशी, या तिन्हीवरून. आणि कर्मचारी किती हे संस्थेच्या तोंडी सांगण्यावर नाही, पगाराच्या नोंदीवरून धरतात. "बोलण्यावर जाऊ नकोस गं, मस्टर माग."

मागितलं. इथून खरी कथा.

हायवेपासून आत एक दुमजली इमारत, पुढे तुळशीवृंदावन, भिंतीभर देणगीदारांच्या नावांचे संगमरवरी फलक. मला जागा आवडली होती, हे कबूल. व्यवस्थापक गृहस्थ सभ्य, चहा आलाच. रात्री स्टाफ किती, विचारलं. "पुरेसा असतो." पुरेसा म्हणजे? "ताई, आजवर कोणाची तक्रार नाही." बरं, पण आकडा? "एकूण बावीस जण आहेत आपल्याकडे."

मी तिथेच त्यांच्या माहितीपत्रकाच्या पाठीवर हिशेब केला. २२ मध्ये स्वयंपाकघरात ५, ऑफिसात ३, ड्रायव्हर, माळी, दोन वॉचमन. हे १२ वजा. उरले १०. त्यांच्या तीन पाळ्या, प्रत्येकाची आठवड्याची सुट्टी. म्हणजे सारखं वाटलं तरी पाळीला तीनसुद्धा येत नाहीत. सकाळी अंघोळी असतात, तेव्हा माणसं जास्त लागतात, ती रात्रीतूनच काढणार. आणि खाटा ३८. त्यातले पंधरा जण जरी कूस न बदलता येणारे धरले, दर दोन तासांनी वळवायचे म्हटले, डायपर बघून एकाला पाच मिनिटं धरली, आणि वळवायला दोघं लागतात, तर १२० मिनिटांतली ७५ मिनिटं दोघीही त्यातच गुंतलेल्या. तेवढ्यात कुणी घंटा वाजवली तर?

कागद पुढे सरकवला. ते हसले. "तुम्ही शिक्षिका का?"

मग मस्टर मागितलं. तो 'संस्थेचा अंतर्गत कागद' निघाला. बघायचा असेल तर विश्वस्तांच्या नावे लेखी अर्ज. दिला. अर्जात कारण लिहिलेलं नाही म्हणून परत आला. कारण लिहून दिला, तर पेशंटच्या आधारची झेरॉक्स हवी. तीही दिली. मग कळलं की अर्ज मीटिंगमध्ये ठेवावा लागतो, एक विश्वस्त पुण्याला, एक मुंबईला, आणि पितृपंधरवडा चालू असल्यामुळे मीटिंग नाही. पितरं मस्टरला हरकत घेतात हे मला नवीन होतं. पक्ष संपल्यावर फोन केला. आता उत्तर असं की, जी व्यक्ती दाखलच नाही तिच्या नातेवाइकांना अशी माहिती देता येत नाही. दाखल करा, अनामत भरा, मग मागा. अनामतीतला निम्मा भाग परत न मिळणारा.

"म्हणजे आधी लग्न, मग मुलगी दाखवणार," मी म्हटलं. त्यावर ते पुन्हा हसले. माणूस खरंच सभ्य होता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. भांडताही येईना.

एका सकाळी शाळेला जाताना मुद्दाम तिथल्या एसटी थांब्यावर उतरले. रात्रपाळी सुटण्याची वेळ. पावसाची रिपरिप होती. छत्री, डब्याची पिशवी घेऊन एक मावशी येऊन उभ्या राहिल्या. मी आईचं सांगितलं, त्या मोकळ्या झाल्या. "रात्री आमी दोगीच वो. येक खाली, येक वर." डाव्या तळव्यावर बॉलपेनने काहीतरी लिहिलेलं होतं, पावसाने पुसट झालेलं. विचारलं तर खाट नंबर आणि साखरेचे आकडे. रजिस्टर ऑफिसात, ऑफिसाला रात्री कुलूप. सकाळी साहेब आले की तळहातावरून उतरवायचं. आज साहेबांना उशीर होता आणि मावशींची गाडी जाणार होती, म्हणून त्यांनी दुसरीला तोंडी सांगितलं होतं. इन्सुलिन कोण टोचतं, विचारलं. "दिवसा शिस्टर टोचतं. रातीचं आमीच. शिकवलानी आमाला." आणि गाडी दिसल्यावर घाईघाईत म्हणाल्या, "मानसं वायट नायत हो तितली. कमी हायत."

एवढं एक वाक्य मला त्या केबिनमध्ये मिळालं असतं तर किती बरं झालं असतं. तिथे आईला ठेवलं नाही.

आता मघापासून राहून गेलेल्या गोष्टी सांगते. फिनेलचा भपकारा म्हणजे स्वच्छता नव्हे, लघवीचा वास झाकलेला असू शकतो. माणसाजवळ जाऊन उभं राहा. नखं बघा, ओठ कोरडे आहेत का बघा, पाण्याचा पेला हात पोचेल असा आहे की खिडकीत शोभेला ठेवलाय ते बघा. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली टांगलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. खाटेच्या दांडीला कापडी पट्ट्या बांधलेल्या दिसल्या तर त्या कशासाठी, हे विचारायला लाजू नका. हात बांधून ठेवतात काही ठिकाणी, 'पडू नयेत म्हणून'.

जेवणाच्या वेळी जा. चव घ्यायला नाही, भरवणं बघायला. पक्षाघाताच्या पेशंटला साधं पाणीही श्वासनलिकेत जाऊ शकतं. बसवून, थांबून थांबून भरवावं लागतं, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. एक मावशी एका चमच्याने तीन आज्यांना उभ्याउभ्या पेज भरवतेय असं मी एका ठिकाणी पाहिलं. पेज उत्तम होती.

शय्याव्रण म्हणजे बेडसोअर, ते माकडहाडावर आणि टाचांवर आधी येतात. लाल डाग बोटाने दाबला आणि क्षणभरही पांढरा पडला नाही, तर ती सुरुवात समजा. एअर बेड आहे एवढ्यावर खूश होऊ नका. त्याचा पंप विजेवर चालतो आणि आपल्याकडे पावसात वीज किती असते ते मी सांगायला नको. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस अंधार होता. इन्व्हर्टर किती तास चालतो, जनरेटर आहे का, त्यात डिझेल आहे का, हे क्रमाने विचारा. चिपळूणकडे बघत असाल तर २२ जुलै २०२१चं पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगा, आणि तळमजल्यावरची माणसं वर कोण नेणार तेही.

शेवटी मिळाली ती जागा छोटी, कौलारू घर वाढवून केलेली. संध्याकाळी साडेसातला न सांगता गेले. सिस्टर जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका झालेल्या, परिचर्या परिषदेच्या नोंदणीचा कागद भिंतीवर. रात्रीचं विचारलं तर काही न बोलता त्यांनी कूस बदलल्याचं रजिस्टर माझ्या हातात दिलं. प्रत्येक खाटेपुढे वेळ, डावी-उजवी-पाठ, सही.

अशी रजिस्टरं मी तोवर बरीच बघितली होती. रात्रभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात, सगळे आकडे एका रेषेत असतील तर ती सकाळी चहा पिताना भरलेली असतात. इथे आदल्या रात्री चारच्या रकान्यात काहीच नव्हतं. बाजूला तिरकं लिहिलेलं: 'खाट ६चे आजोबा पडले, ४० मि. तिकडे होतो.' खाली सही. तो रिकामा रकाना बघून माझं ठरलं. खाटा १४, रात्री दोघी आणि एक मामा, पैकी एक नर्स.

पैशांचं: महिन्याच्या आकड्यात काय नाही ते लिहून घ्या. डायपर बहुधा वेगळे. दिवसाला चार धरले तर महिन्याला १२०, स्वतः घाऊक आणून दिलेले चालतील का विचारा. हॉस्पिटलात हलवायची वेळ आली तर १०८ बोलावल्यावर सोबत कोण जाणार, त्या दिवसांचं भाडं पूर्ण की अर्धं, हे छापील करारात नव्हतं. आम्ही पेनाने वाढवून दोघांच्या सह्या घेतल्या. कुठे फारच वाईट वागणूक दिसली तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

आणि कोकणात असाल तर आणखी एक, हे मुंबई-पुण्याच्या कुठल्याही यादीत सापडणार नाही: गणपतीतला ड्यूटीचा तक्ता आधी मागा. चतुर्थीला अख्खा जिल्हा सुट्टीवर असतो, मावशी काय आणि सिस्टर काय. आमच्या सिस्टरांनी वाटणीच करून टाकलीय, ज्यांना गणपतीला सुट्टी त्यांना शिमग्याला नाही. यंदाचा तक्ता भिंतीवर लागलाय, मी फोटो काढून घेतला. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो, त्यामुळे गौरीपूजनाच्या रात्री मी मोकळी असते. तेव्हा न सांगता जाऊन मोजणार आहे.